मागील पानावरून पुढे

श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकण्याची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. घरात एक चोरटे मांजर होते. ते वाढलेल्या पानात तोंड घाली, म्हणून सासूबाई त्या दिवशी त्याला टोपलीखाली झाकून ठेवत. पुढे सासूबाई गेल्या, मांजरही गेले. सून मात्र दर वर्षी शेजारून मांजर मागून आणी आणि टोपलीखाली झाकी. कोणी विचारले तर म्हणे, "आमच्याकडे तशी पद्धत आहे!" वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले खो खो हसत. आज जो इतिहास सांगायला बसलो आहे त्यातही असेच एक मांजर आहे. फक्त ते एका अग्निबाणात होते, आणि तिथे कोणाला हसू आले नाही.

निमित्त झाले पुतण्याचे. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. "तू दिवसभर नक्की करतोस काय?" असे मी विचारले तेव्हा त्याने संगणकावर एक तक्ता उघडून दाखवला. शेकडो ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक. सॉफ्टवेअरने काय काय करायला हवे त्याची ही यादी. एकेका ओळीला ते 'रिक्वायरमेंट' म्हणतात; मी आपला 'आवश्यकता' म्हणतो. ही आवश्यकता कोणी मागितली, त्यासाठी प्रोग्रामचा कुठला भाग लिहिला, तो कोणत्या चाचणीने तपासला, हे सगळे त्या ओळीला दुव्यांनी जोडलेले. एक ओळ बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळींपुढे खूण उमटते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा माग काढता येणे याला त्यांच्यात 'ट्रेसेबिलिटी' म्हणतात.

मला तो तक्ता बघून फार ओळखीचे वाटले. अनुक्रमांक, तपशील, दिनांक, शेरा... अहो, आमचे सगळे आयुष्य अशाच रकान्यांत गेले! मग उत्सुकता वाटली की हा तक्ता आला कुठून? आंतरजालावर जे वाचायला मिळाले आणि पुतण्याने जे समजावून दिले, ते इथे मांडतो. तांत्रिक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात १९६८ सालापासून करू. त्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटो संघटनेने एक परिषद भरवली. सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले होते. संगणक मोठे होत चालले होते, त्यांची कामे वाढत होती; पण सॉफ्टवेअर वेळेवर होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, आणि तयार झाले तरी ते हवे तसे नसे. पूल बांधणाऱ्यांसारखी शिस्त या धंद्यात यावी म्हणून 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव त्या परिषदेने पुढे आणले. पूल बांधायचा तर किती वजनाच्या गाड्या जाणार, नदीला पूर किती येतो, हे आधी ठरते. इथे ते आधी नीट ठरतच नव्हते.

त्याच वर्षीचा एक किस्सा आहे. अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचे काम अमेरिकेत एमआयटी या संस्थेकडे होते आणि त्यात मार्गारेट हॅमिल्टन या बाई प्रमुख होत्या. त्या कधी कधी आपल्या लहान मुलीला कामावर घेऊन जात. एकदा ती मुलगी यानाच्या नकली यंत्रणेशी खेळत असताना तिने उड्डाणापूर्वीचा एक प्रोग्राम उड्डाण चालू असताना सुरू केला आणि सगळे कोसळले. हॅमिल्टनबाई म्हणाल्या, असे बटण चुकून दाबले तर यंत्राने ते नाकारावे, ही सोय आपण घालू. त्यांना उत्तर मिळाले की अंतराळवीर इतके तयार असतात की ते अशी चूक करणारच नाहीत. सोय घातली गेली नाही, फक्त कागदपत्रांत एक सूचना आली. त्याच डिसेंबरात अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परत येत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमका तोच प्रोग्राम सुरू झाला आणि दिशा ठरवण्यासाठी साठवलेली माहिती पुसली गेली. जमिनीवरच्या लोकांच्या मदतीने आणि ताऱ्यांचे वेध घेऊन ती पुन्हा जुळवावी लागली. त्यानंतर मात्र ही सोय झाली.

गरज होती, सांगणारे माणूसही होते. पण 'माणूस चूक करणार नाही' हे गृहीत धरल्यामुळे तिची आवश्यकता झाली नाही.

पुढे १९७० साली विन्स्टन रॉइस नावाच्या अभियंत्याने मोठी सॉफ्टवेअर कशी करावीत यावर एक निबंध लिहिला. त्यात पायऱ्यांचे एक चित्र होते. आधी आवश्यकता, मग विश्लेषण, मग आराखडा, मग प्रोग्राम, मग चाचणी, असे वरून खाली. पुढे लोकांनी त्याला 'धबधबा' हे नाव दिले. गंमत म्हणजे नुसते असे वरून खाली उतरत जाणे धोक्याचे आहे, हे रॉइस यांनी त्याच निबंधात सांगितले होते! लोकांनी चित्र घेतले, इशारा सोडून दिला. मूळ पुस्तक न वाचता गाइडवर भागवणारी मुले मी खूप पाहिली आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

मला सगळ्यात आवडला तो १९७८ सालचा एक दस्तऐवज. अमेरिकेच्या नौदलाकडे ए-७ नावाची विमाने होती आणि त्यांत आधीपासून चालू असलेले सॉफ्टवेअर होते. ते नव्याने, नीट पद्धतीने लिहून दाखवायचे म्हणून नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड पार्नास, कॅथरिन हेनिंगर वगैरे मंडळींनी त्याच्या सगळ्या आवश्यकता तक्त्यांच्या रूपात लिहून काढल्या. नुसते 'काय हवे' एवढ्यावर ते थांबले नाहीत. भलतेच काही घडले तर यंत्राने काय करावे, यावर एक प्रकरण. आपण कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, यावर एक प्रकरण. पुढे कोणत्या गोष्टी बदलण्याचा संभव आहे, यावर आणखी एक. आणि कोणत्या मुद्द्याची माहिती कुठून मिळाली, हेही. वाचकहो, याला म्हणतात शेऱ्याचा रकाना भरणे!

यानंतर शिस्त वाढत गेली. १९८४ साली आवश्यकतांचा दस्तऐवज कसा लिहावा याचे एक मानक अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने काढले. त्यातले धडे मराठीच्या मास्तरला आवडावेत असेच आहेत. एका वाक्यातून दोन अर्थ निघू नयेत. आवश्यकता तपासून पाहता येईल अशी असावी. 'लवकर', 'सोपे', 'पुरेसे' असले शब्द टाळावेत. 'पडदा लवकर उघडावा' हे वाक्य कोणी तपासायचे आणि कसे? 'दोन सेकंदांत उघडावा' म्हटले की घड्याळ लावता येते.

पण दस्तऐवज हजार पानांचे झाले की माणूस हरवतो. म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून 'डोअर्स' नावाचे साधन आले. कागदी दस्तऐवजाऐवजी प्रत्येक आवश्यकता ही स्वतंत्र नोंद, तिला स्वतःचा क्रमांक आणि इतर नोंदींशी दुवे. वरची नोंद बदलली की खालचा दुवा 'संशयित' ठरतो आणि कोणीतरी बघून तो संशय मिटवावा लागतो. विमाने, रेल्वे, उपग्रह, मोटारी बनवणाऱ्यांनी हे साधन उचलले. ज्या टेलिलॉजिक कंपनीकडे ते पुढे गेले ती कंपनीच २००८ साली आयबीएमने घेतली. पुतण्याचा तक्ता याच घराण्यातला.

आता मांजराकडे येतो.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच गयाना नावाचा फ्रान्सचा प्रदेश आहे. तिथल्या कुरू तळावरून ४ जून १९९६ रोजी युरोपचा नवा अग्निबाण एरियान ५ पहिल्यांदा उडाला. त्यात 'क्लस्टर' नावाचे चार उपग्रह होते. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास ते करणार होते आणि त्यांच्यामागे अनेक शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७व्या सेकंदाला अग्निबाण एकाएकी वळला, हवेच्या दाबाने मोडू लागला, आणि स्वतःला नष्ट करण्याची यंत्रणा चालू होऊन सगळ्याचे तुकडे झाले.

फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. दीड महिन्यात, १९ जुलैला, तिने अहवाल दिला. इतका स्वच्छ, कोणावर चिखल न उडवणारा सरकारी अहवाल मी क्वचितच पाहिला.

झाले होते ते असे. अग्निबाण कोणत्या दिशेला आणि किती वेगाने जातो आहे हे सांगणारे एक उपकरण असते. उडण्यापूर्वी ते आपली दिशा जुळवून घेते. उड्डाण झाले की या जुळणीच्या कामाला अर्थ उरत नाही. तरीही तो प्रोग्राम उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंद चालूच राहत असे. का? तर आधीच्या एरियान अग्निबाणांत उलटी मोजणी शेवटच्या क्षणी, म्हणजे ९ ते ५ सेकंद उरलेले असताना, थांबवावी लागली तर काय, असा प्रश्न होता. जुळणी पुन्हा पहिल्यापासून करायची तर पाऊण तास किंवा जास्त वेळ जाई. म्हणून जुळणी थोडा वेळ चालू ठेवायची, म्हणजे मोजणी चटकन पुन्हा सुरू करता येईल. शहाणपणाची सोय! १९८९ साली एका उड्डाणात ती एकदा उपयोगीही पडली होती.

पण एरियान ५ची तयारीची पद्धत वेगळी होती. तिथे या सोयीची गरजच नव्हती. तरी ती तशीच ठेवली गेली, कारण जे चांगले चालले आहे त्याला उगाच हात कशाला लावा? मागील पानावरून पुढे. सासूबाई गेल्या, मांजर गेले, टोपली राहिली.

आणि त्या टोपलीनेच घात केला. एरियान ५चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता. त्याचा आडवा वेग जुन्या अग्निबाणाच्या सुमारे पाचपट वाढत होता. तो निरुपयोगी प्रोग्राम या वेगावरून एक संख्या काढी आणि ती छोट्या रकान्यात बसवी. प्रगतिपुस्तकात गुणांसाठी दोनच आकड्यांची चौकट छापली असेल आणि एखाद्याला शंभर मिळाले तर काय होईल? तसेच झाले. संख्या रकान्यात मावली नाही आणि उपकरण बंद पडले. मदतीला दुसरे उपकरण होते, पण त्यातही अगदी तोच प्रोग्राम. ते तर एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ आधीच, त्याच कारणाने बंद पडले होते. बंद पडताना उपकरणाने आपल्या बिघाडाचा जो सांकेतिक निरोप पाठवला, तो मुख्य संगणकाने खरी माहिती समजून वाचला आणि नळ्या पूर्ण वळवल्या.

इथपर्यंत वाचून वाटते की कोणीतरी निष्काळजीपणा केला. पण तसे नाही, आणि म्हणूनच मला ही हकीकत महत्त्वाची वाटते. असा धोका असलेल्या सात संख्या अभियंत्यांनी आधीच हेरल्या होत्या. त्यांतल्या चारांना संरक्षण दिले, तिघांना दिले नाही, कारण संगणकावर ८० टक्क्यांहून जास्त भार टाकायचा नाही असे ठरले होते, आणि या तीन संख्या मर्यादेत राहतील असा त्यांचा हिशेब होता. हिशेब जुन्या अग्निबाणासाठी बरोबरच होता! नव्या अग्निबाणाचा मार्ग उपकरणाच्या आवश्यकतांत घालायचा नाही, हेही सर्वांच्या संमतीने ठरले. म्हणजे निर्णय झाले होते, त्यांना कारणे होती. पण कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ती कारणे बाहेरच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड गेली. मुद्दाम कोणी लपवली नाहीत, असे समितीनेही म्हटले आहे.

'काय' शाबूत राहिले, 'का' हरवले.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर लिहून ठेवले की झाले असा समज व्हायचा. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचून नाहीसे झाले. जमिनीवरचा एक प्रोग्राम जोराचे आकडे पौंडांच्या हिशेबात देत होता आणि पुढचे लोक ते न्यूटनच्या हिशेबात आहेत असे समजत होते. फरक सुमारे साडेचार पटींचा. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले. आता ऐका, मेट्रिक एकके वापरावीत ही आवश्यकता स्पष्ट लिहिलेली होती! पण ती पाळली गेली का, हे शेवटपर्यंत कोणी माग काढून तपासले नाही. नियमावली भिंतीवर टांगली आणि कोणी वाचली नाही, त्यातलाच प्रकार.

एव्हाना धंद्यातले लोक जाडजूड दस्तऐवजांना कंटाळले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदल स्वीकारणे मोलाचे, असे त्याचे सार. त्यांच्यापैकी केंट बेक यांनी आधीच क्रायस्लर या मोटार कंपनीच्या कामात आवश्यकता छोट्या कार्डांवर लिहायची रीत पाडली होती. एक कार्ड, त्यावर एक छोटी गोष्ट, बाकीचे समोरासमोर बोलून ठरवायचे. पुढच्या वर्षी, २००२ साली, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने 'जिरा' काढले. हे नाव फोडणीतल्या जिऱ्यावरून नाही हो, गॉडझिला राक्षसाच्या 'गोजिरा' या जपानी नावावरून! ते मुळात चुका नोंदवायचे साधन. नंतर ही कार्डेही त्यात आली. आज पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात हे नाव रोज कानावर पडते.

या कार्डांवरच्या वाक्याचा एक साचा आहे, तो २००१च्या सुमारास ब्रिटनमधल्या कॉनेक्स्ट्रा या कंपनीतून आला. साचा असा: मी अमुक आहे, मला तमुक हवे आहे, म्हणजे मला ढमुक करता येईल. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. कर्ता आहे, मागणी आहे, आणि प्रयोजनही आहे. शेवटचा 'म्हणजे' हा शब्द मला त्या सगळ्या साधनांहून मोलाचा वाटतो. तो लिहिला की पुढच्या माणसाला विचारता येते: हे प्रयोजन अजून आहे का? नसेल तर ही ओळ काढून टाकू. एरियानच्या त्या ओळीपुढे 'म्हणजे मोजणी थांबली तर पाऊण तास वाया जाणार नाही' असे ठळक लिहिलेले असते, आणि ती ओळ नव्या अग्निबाणासाठी उचलताना कोणी ते मोठ्याने वाचले असते, तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो हे मीच मुलांना शिकवले आहे, तेव्हा पुढे जाऊ नये.

पुतण्याला विचारले, "तुमच्या तक्त्यात कारणाचा रकाना आहे का?" म्हणाला, "आहे ना काका. पण बहुतेक ठिकाणी तो रिकामा असतो, नाहीतर 'क्लायंटने सांगितले म्हणून' एवढेच असते." म्हणजे 'आमच्याकडे तशी पद्धत आहे' याचेच हे संगणकी रूप! साधन रकाना देते. तो भरायला माणूस लागतो. आणि भरायचा तो त्याच वेळी, जेव्हा कारण सगळ्यांना इतके ठाऊक असते की ते लिहिणे वेडेपणाचे वाटते. दहा वर्षांनी ते लिहायला कोणी जागेवर नसते.

एरियानची गोष्ट तिथे संपली नाही, हेही सांगितले पाहिजे. क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली रशियाच्या सोयूझ अग्निबाणांनी ते वर गेले. काही वर्षे चालतील म्हणून पाठवलेले, त्यांनी दोन दशकांहून जास्त काम केले. त्यांच्यातला पहिला उपग्रह सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात जळून गेला. एरियान ५ सुद्धा सुधारला आणि भरवशाचा झाला. २०२१ च्या नाताळात जेम्स वेब दुर्बीण त्यानेच वर नेली आणि २०२३ च्या जुलैत शेवटचे उड्डाण करून तो मानाने निवृत्त झाला. कारण शोधून, लिहून, सगळ्या जगाला वाचायला दिले, त्याचा यात वाटा असणारच.

निवृत्तीवरून आठवले. शाळेत निवृत्त होताना 'चार्ज' द्यावा लागतो. जनरल रजिस्टर, डेडस्टॉक रजिस्टर, प्रयोगशाळेचे सामान, कपाटांच्या किल्ल्या, सगळे मोजून, यादीवर सह्या होऊन पुढच्या माणसाच्या हवाली होते. एक खडूचा खोका कमी भरला तरी चौकशी होते. पण पाचवीच्या वर्गाचे दार आतल्या बाजूला का उघडत नाही, गुरुवारी शाळा अर्धा तास आधी का सुटते, अमक्या मुलाच्या वडिलांना चिठ्ठी न पाठवता आईलाच का बोलवायचे, हे त्या यादीत नसते. त्याला रकानाच नाही. ते सगळे माणसाबरोबर फाटकाबाहेर जाते. कधी त्या पद्धती मागे विनाकारण चालू राहतात, कधी विनाकारण बंद पडतात, आणि दोन्हींतले नुकसान कोणाच्या हिशेबात येत नाही.

म्हणून आमच्या घरातल्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे आहे. कामावरचा तक्ता भरताना शेवटच्या रकान्याचा कंटाळा करू नका. आणि ज्यांच्याकडे कारणे आहेत ती माणसे आसपास आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आम्ही सांगतो थोडे लांबण लावून, पण सांगतो.